हप्ते थकलेत, पर्सनल लोन घेऊ का?

घणसोलीच्या एका ताईंचा प्रश्न. रबाळ्याची कंपनी बंद पडली, मिस्टरांना दुसरी नोकरी लागली, पण पगार ३० हजारांवर आला. ताईंचे १५ हजार. गृहकर्ज २६ लाख बाकी, व्याज ९ टक्के, उरलेली मुदत १४ वर्षं, हप्ता २७,२७० रुपये. दोन हप्ते थकलेत. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली १ लाख २० हजारांची एफडी मोडायची नाही, म्हणून ३ लाखांचं पर्सनल लोन घ्यावं का?

ताई, घेऊ नका. १६ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलंत तर त्याचा हप्ता साडेदहा हजार. घराचा धरून महिन्याला ३७,८०० जाणार. उरलेल्या सात हजारांत किराणा, लाइटबिल, मुलीचा रेल्वे पास कसा बसवणार?

एफडी मोडा. लेकीच्या नावाने बाजूला ठेवलेला पैसा काढताना जीव तुटतो, कळतं मला. पण ५४,५४० रुपये भरून दोन्ही हप्ते मोकळे करा, कारण घड्याळ चालू आहे. पहिला हप्ता चुकल्याच्या तारखेपासून ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत (अनुत्पादित) कर्ज होतं. मग एखादा हप्ता भरून सुटका नसते, सगळी थकबाकी चुकवावी लागते.

खातं नियमित झालं की त्याच आठवड्यात शाखेत जाऊन मुदत २२ वर्षं करण्याचा लेखी अर्ज द्या. हप्ता साधारण २२,६५० होईल, म्हणजे दरमहा ४,६०० वाचतील. एकूण व्याज मात्र जवळपास १४ लाखांनी वाढेल, हे लपवत नाही. पण व्याजदर फ्लोटिंग, म्हणजे वेळोवेळी बदलणारा असेल तर मुदतीआधी पैसे भरायला दंड नाही. पगार सुधारला की मुद्दल कमी करत जा. मिस्टरांच्या निवृत्तीचं वय बँक बघेल. मंजुरी द्यायला ती बांधील नाही, आणि अडचणीमुळे दिलेल्या सवलतीची नोंद क्रेडिट रिपोर्टमध्ये होऊ शकते.

अर्जासोबत जुनी आणि नवी पगारपत्रकं, कंपनी बंद झाल्याचं पत्र जोडा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाला शाखेतून चार महिने ‘बघतो, काळजी करू नका’ एवढंच ऐकवलं गेलं आणि नंतर थेट नोटीस आली. त्यांच्या हातात एक कागद नव्हता.

बँकेलाही नियम आहेत आणि ते तिला पाळायला लावायला आपण कचरू नये. वसुलीचे फोन सकाळी ८ ते संध्याकाळी ७ एवढ्याच वेळेत. हप्ता चुकल्याबद्दल दंडात्मक शुल्क लागतं, पण त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही, तेव्हा खात्याचा उतारा मागून ओळ न् ओळ तपासा. तक्रार आधी बँकेकडे लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे शुल्क लागत नाही.

पुढे कधी २००२ च्या सरफेसी कायद्याची (थकलेल्या कर्जासाठी गहाण घर ताब्यात घ्यायचा अधिकार बँकेला देणारा कायदा) नोटीस आलीच, तर ती कपाटात ठेवू नका. नोटिशीत मागितलेली रक्कम भरायला ६० दिवस असतात. आक्षेप लेखी दिलात की बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यायलाच हवं. बँकेने ताब्याची कारवाई केली तर कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागायला ४५ दिवस मिळतात.

सहा महिने नवा हप्ता भरून बघा. तरीही दर महिन्याला उसनवारी करावी लागत असेल, तर घर तुम्हीच विका. लिलावात सहसा भाव पडतो. बँकेकडून बाकी रकमेचं पत्र घेतलं की खरेदीदाराच्या पैशातून आधी कर्ज फिटतं, उरलेले तुमचे. इमारत सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर असेल तर हस्तांतरणाच्या परवानगीत वेळ जातो, म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींकडे आत्ताच चौकशी करून ठेवा.