सिगारचं पान तडकलंय? फेविकॉलची बाटली आधी खाली ठेव

ते जळून धुरातून तोंडात येतं रे! जॅममध्ये घालतात ते पेक्टिन चिमूटभर घे, कोमट पाण्यात पातळ खळीसारखं कालव. चिरेवर बोटाने पुसटसं लाव, पान हलकेच दाबून बसव आणि १० मिनिटं हात लावू नकोस. तुकडाच उडाला असेल तर जुन्या सिगारचं पान ओलसर करून नखाएवढं ठिगळ लाव.

चीर पेटवायच्या टोकाला असेल तर सोडून दे, जळून जाईल.

बहुतेकदा सिगार कोरडी पडल्यामुळेच पान तडकतं. पण घाईने ओलावा देऊ नकोस. आतली तंबाखू फुगते आणि वरचं पान टरकतं. माझी एक छान निकाराग्वाची अशीच गेली. ह्युमिडॉरमध्ये (सिगारसाठी ओलावा राखणारी पेटी) ६५ टक्के आर्द्रतेच्या आसपास दोन-तीन आठवडे पडू दे.