‘ती घरीच असते’ एवढंच लिहून घेऊ नका : रोजगाराच्या आकड्यांबद्दल तुमचे प्रश्न

मे २०२५ पासून सरकारच्या श्रमशक्ती पाहणीतला (पीएलएफएस) देशातल्या बेरोजगारीचा आकडा दर महिन्याला यायला लागला आणि माझ्याकडे प्रश्नही महिन्याच्या महिन्याला यायला लागले. बहुतेकांचा घोळ एकच, कुठल्या मापानं मोजलंय ते न बघता टक्का उचलायचा आणि पुढं ढकलायचा. यावेळी जमलेले प्रश्न एकदाच घेतो.

प्रश्न : २०२३-२४ ला बेरोजगारी ३.२ टक्के होती आणि एप्रिल २०२५ ला ५.१. एवढी वाढली?

नाही. ३.२ हा ‘नेहमीच्या स्थिती’चा आकडा, म्हणजे मागचे ३६५ दिवस धरून माणूस बहुतेक काळ काय करत होता ते. ५.१ हा ‘चालू आठवड्या’चा, म्हणजे फक्त मागचे सात दिवस. त्याच २०२३-२४ चा आठवड्याच्या मापाचा आकडा ४.९ होता, तो कोणी फॉरवर्ड केला नाही कारण त्यात मजा नाही. आणि ४.९ आणि ५.१ पण थेट शेजारी ठेवू नका, एक अख्ख्या वर्षाचा, एक एका महिन्याचा, वर जानेवारी २०२५ पासून नमुन्याची रचनाच बदललीय. लेखात वापरणार असाल तर आधी एखाद्या जाणकाराला दाखवा.

प्रश्न : आठवड्यात एक तास काम केलं तरी सरकार ‘रोजगार आहे’ म्हणतं हे खरंय का? ग्रुपवर आलंय.

ग्रुपवर आलंय म्हणूनच अर्धवट आहे. आठवड्याच्या मापात नियम तोच आहे, सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी किमान एक तास काम. पण हा दिल्लीत बसून कोणी काढलेला डाव नाही, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा जुना संकेत आहे आणि अमेरिकेतही पगारी कामाला एकच तास लागतो. फरक असा की घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाऱ्याला तिथं आठवड्याला १५ तास लागतात, आपल्याकडं तशी अट नाही. भांडायचं तर यावर भांडा.

नेहमीच्या स्थितीत मात्र तासाचा संबंधच नाही. वर्षातला जास्त काळ बघतात, आणि जोडीला ३० दिवस किंवा जास्त काही काम केलं असेल तर ते दुय्यम म्हणून धरतात. ही वेगवेगळी मापं १९७० च्या दांतवाला समितीपासूनची. हंगामी शेती आणि घरचाच धंदा असलेल्या देशाला एका आकड्यात बसवता येत नाही, हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलंय.

प्रश्न : मी पुण्यात एमपीएससीचा अभ्यास करतो, तिसरं वर्ष. मी बेरोजगार धरला जातो का?

तुम्ही काय उत्तर देता त्यावर आहे. ‘काम मिळालं तर आत्ता कराल का?’ याला हो म्हणालात आणि काही काम करत नसाल तर बेरोजगार, पाहणीच्या फॉर्मात कोड ८१. ‘नाही, सध्या फक्त अभ्यास’ म्हणालात तर श्रमशक्तीच्या बाहेर. श्रमशक्ती म्हणजे काम करणारे आणि काम हवं असणारे मिळून, टक्का त्यांच्यातूनच काढतात. म्हणजे बेरोजगारीच्या टक्क्यात तुम्ही अंशातही नाही आणि छेदातही नाही. आठवड्यात दोन तास शिकवण्या घेतल्या तर आठवड्याच्या मापात रोजगारात! सेवायोजन कार्यालयात नाव आहे की नाही याचा इथं काही संबंध नाही.

प्रश्न : बाळंतपणाच्या रजेवर असलेली शिक्षिका?

रोजगारात. नोकरी तिचीच आहे ना.

प्रश्न : वडील पेन्शनर आहेत, ते बेरोजगार का?

नाही, श्रमशक्तीबाहेर. पण ते दुकानात बसत असतील तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : बायकांचा श्रमशक्तीतला सहभाग २०१७-१८ ला २३.३ टक्के होता तो २०२३-२४ ला ४१.७ झाला म्हणतात. आमच्या गावात तर कुणी नवीन कामाला लागलेली दिसत नाही. आकडे फुगवलेत का?

हा प्रश्न आला की मला थोडं जास्त बोलावं लागतं.

मी बरीच वर्षं सर्व्हेवाल्यांना ट्रेनिंग दिलं. एकदा सातारा भागात एका नवीन पोराबरोबर गेलो होतो. ओट्यावर घरधनी, हा त्यांना विचारतोय, ‘मिसेस काय करतात?’ ते म्हणाले, ‘काय नाही, घरीच असती.’ पोरानं ९२ टाकला, ९२ म्हणजे फक्त घरकाम. तेवढ्यात मागच्या गोठ्यातून बाई आल्या, हाताला शेण, कडेला दुधाची किटली, डेअरीची गाडी यायची वेळ झाली म्हणून घाईत. तीन म्हशी, दोन्ही वेळच्या धारा, वैरण, शेण, आणि सुगीत शेतात. मी पोराला म्हटलं आता तूच सांग काय लिहायचं. ती निदान २१ आहे, घरच्या धंद्यातली मदतनीस, आणि म्हशींचा सगळा व्यवहार तीच बघत असेल तर ११, स्वतःचा धंदा करणारी. ९२ आणि २१ यांच्यात फक्त एका प्रश्नाचं अंतर आहे, ‘सकाळपासून काय काय केलंत?’ एवढंच विचारायचं, आणि ते तिला विचारायचं, तिच्या नवऱ्याला नाही.

आणि नियम तरी बघा. म्हैस घरच्या दुधासाठी पाळली तरी ते आर्थिक काम, पण रानातून सरपण आणलं तर ९३, म्हणजे घरकामाच्या जोडीला केलेली फुकटची गोळाबेरीज, त्यामुळं रोजगारात नाही. स्वयंपाक, म्हाताऱ्यांची उस्तवार, पोरं, हे तर कशातच नाही. डोक्यावर मोळी घेऊन दोन मैल चालणारी काम करत नाही आणि गोठ्यात बसून धार काढणारी करते, हे त्या मोळीवालीला कोण समजावणार?

आता तुमचा प्रश्न. मला तरी ‘फुगवलेत’ म्हणणं आळशीपणाचं वाटतं आणि ‘बायकांना नोकऱ्या लागल्या’ म्हणणं तर त्याहून जास्त. याच काळात सगळ्या कामकऱ्यांत स्वयंरोजगारवाल्यांचा वाटा ५२.२ वरून ५८.४ टक्क्यांवर गेला, २०२३-२४ ला सगळ्या कामकऱ्यांतले १९.४ टक्के निव्वळ बिनपगारी मदतनीस. म्हणजे वाढलेल्यातल्या बऱ्याच बायका गोठ्यात आणि रानात आहेत, पगारपत्रकावर नाहीत. काही खरंच नव्यानं काम करायला लागल्या असतील, काही आधीपासून करत होत्या आणि आता कुणीतरी नीट विचारलं असेल. दोन्ही मिसळलंय. म्हणून ४१.७ वर खूश किंवा नाराज होण्याआधी कामाच्या प्रकाराचा तक्ता उघडा, आणि तो वाचता येत नसेल तर विद्यापीठातल्या अर्थशास्त्र विभागात कुणाला तरी गाठा.

प्रश्न : सीएमआयईचा बेरोजगारी दर सरकारी दराच्या दुप्पट कसा? खरं कोण?

दोघांची फूटपट्टी वेगळी. मुंबईची ही खासगी संस्था साधारण पाहणीच्या दिवसाची स्थिती बघते आणि बेरोजगार म्हणायला माणूस खरोखर काम शोधत असावा लागतो. वर सांगितलेल्या गोठ्यातल्या बाया तिथं बऱ्याचदा मोजल्याच जात नाहीत, त्यामुळं या संस्थेचा श्रमशक्तीतला सहभाग दर चाळीस टक्क्यांच्या आसपास आणि सरकारी २०२३-२४ ला ६०.१. छेद लहान झाला की टक्का मोठा दिसणारच. ‘खरं कोण’ विचारू नका, कशासाठी हवंय ते सांगा, मग बोलू.

प्रश्न : आम्ही गावात बेरोजगारी सर्व्हे केला, ४०० फॉर्म भरून झालेत. ‘तुम्ही बेरोजगार आहात का?’ याला बहुतेकांनी हो लिहिलंय. आता टक्केवारी कशी काढू?

काढू नका. हे फॉर्म छापायच्या आधी विचारायला हवं होतं ना राव! असा थेट प्रश्न कुठल्याच धड पाहणीत नसतो. योजना येणार असं वाटलं की शेतकरी हो म्हणतो, आणि खरंच रिकामा असलेला पोरगा लाजेपायी नाही म्हणतो. काय केलं, किती दिवस केलं, शोधलं का, मिळालं तर कराल का, हे वेगवेगळं विचारायचं आणि निष्कर्ष आपण काढायचा. जिल्हा सांख्यिकी कार्यालयात जाऊन सरकारी प्रश्नावली बघा, ५० घरांत पुन्हा करून बघा. मगच पुढं.

प्रश्न : एकजण ‘तालुकावार बेरोजगार तरुणांची अधिकृत यादी’ एक्सेलमध्ये विकतोय. घ्यावी का?

पैसे वाचवा. पाहणीतून तालुक्याचा आकडा निघत नाही आणि माणसांची नावं तर बाहेर पडतच नाहीत, कायद्यानं गुप्त असतात. २०२५ पासून नमुना १.०२ लाखांवरून २.७२ लाख घरांवर गेलाय आणि आखणी जिल्हा धरून होते, तरीसुद्धा जिल्ह्याचा आकडा जपूनच वापरावा लागतो. मूळ डेटा सरकार नावं काढून फुकट देतं. फक्त प्रत्येक नोंदीचा गुणक, म्हणजे ती नोंद किती जणांच्या वतीनं आहे तो आकडा, न लावता सरासरी काढलीत तर जे येईल ते तुमच्या लॅपटॉपचं मत. पहिल्यांदा करत असाल तर कुणाबरोबर तरी बसून करा.

प्रश्न : टॅब घेऊन दोघं आले, घरची सगळी माहिती विचारली, चार महिने परत परत येणार म्हणाले. फसवणूक तर नाही?

चार महिने येणं नेहमीचं आहे, नव्या पद्धतीत एकाच घराला सलग चार महिने भेट देतात. ओळखपत्र बघा, शंका आली तर त्यांच्या कार्यालयात फोन करून खात्री करा. ओटीपी किंवा बँक खातं मागितलं तर दार लावा आणि पोलिसांना कळवा. बाकी बिनधास्त सांगा, फक्त सूनबाईंबद्दल विचारलं की तुम्ही उत्तर देऊ नका, त्यांना बाहेर बोलवा.