जुन्या चित्रांतला हिमालय एवढा टोकदार काहून दिसतो?

तुम्ही विचारलंय का इंग्रजांच्या काळातल्या छापील चित्रांत हिमालय सुळक्यासारखा उभा दिसतो, फोटोत तसा दिसत नाही, मग ते चित्रकार मनाचंच काढत होते का. थोडंफार मनाचं असायचंच, पण सगळा दोष त्यांच्यावर टाकू नका, कारण आपल्यासमोर येतं ते चित्र बहुतेक वेळा एकट्या माणसाचं नसतंच.

डोंगरात फिरणारा माणूस, कधी फौजेतला अधिकारी, कधी सर्व्हेवाला, तो जागेवर पेन्सिलीनं स्केच करायचा. ते स्केच लंडनला जायचं, तिथं दुसरा चित्रकार ते नीट करायचा, मग तिसरा माणूस ते तांब्याच्या नाहीतर पोलादाच्या प्लेटवर कोरायचा, आणि या मागच्या दोघांनी बरेचदा हिमालय पाहिलेलाच नसायचा. जॉर्ज फ्रान्सिस व्हाइट नावाच्या लेफ्टनंटची १८३० च्या दशकातली हिमालयाची चित्रं घ्या, त्यातली काही टर्नर या नावाजलेल्या इंग्रज चित्रकारानं त्याच्या स्केचवरून तयार केली, आणि टर्नर आयुष्यात कधी भारतात आला नाही. त्यानं आल्प्स पाहिला होता, तेव्हा डोंगर म्हटला की त्याच्या हाताला आल्प्सचं वळण येणारच ना.

याच्या उलट जेम्स बेली फ्रेझर. हा १८१५ मध्ये गढवालकडच्या डोंगरांत स्वतः फिरला आणि १८२० मध्ये त्याची २० चित्रं अ‍ॅक्वाटिंट पद्धतीनं छापून आली. या पद्धतीत तांब्याच्या प्लेटवर राळेची बारीक पूड बसवतात, ती तापवून चिकटवतात आणि मग अ‍ॅसिडनं खाऊ देतात, त्यामुळं रेषेऐवजी छटा मिळते, वरून हातानं रंग. धुकं, लांबचा बर्फ, दरीतला ओलसर उजेड यात जो उतरतो तो मला पोलादी प्लेटच्या कोरीव रेषेत कधीच सापडला नाही, फ्रेझरची ती चित्रं मी कितीही वेळ पाहू शकतो.

आणखी एक गोष्ट, फ्रेझर फिरत होता तेव्हा कोणतं शिखर किती उंच हेच पक्कं नव्हतं, म्हणजे चित्रातली उंची ताडून बघायला आकडाच नव्हता, युरोपात तर दक्षिण अमेरिकेतला चिंबोराझो जगात सगळ्यात उंच असं मानणारे लोक होते. पक्के आकडे इंग्रजांनी सुरू केलेली देशाची त्रिकोणमितीय मोजणी पुढं सरकली तसे आले. ती मोजणी दक्षिणेतून निघून आपल्या विदर्भातूनच वर गेली, तिचा प्रमुख लॅम्बटन १८२३ मध्ये हिंगणघाटलाच वारला, कबर तिथंच आहे. एव्हरेस्टचा २९,००२ फुटांचा आकडा जाहीर व्हायला १८५६ उजाडलं.

आता डोळ्याचं. मी अचलपूर तालुक्यात हायस्कूलला ड्रॉइंग शिकवतो, शाळेच्या मैदानातून उत्तरेला सातपुड्याची रांग सरळ दिसते. पोट्ट्यांना ती काढायला लावली की कागदावर निम्म्यापर्यंत डोंगर येतो, आणि तिथूनच मोबाईलनं फोटो काढला तर रांग म्हणजे वावराच्या धुऱ्यावर एक बारीक निळी पट्टी. पोरं खोटं काढत नाहीत, ज्याच्याकडं लक्ष लागलं ते मनाला मोठंच दिसतं, आणि समोर सातपुडा नसून वीस हजार फुटांचा बर्फ असला तर मग काय सांगता.

म्हणून सगळ्या चित्रांना एका मापानं मोजू नका. श्लागिन्टवाइट या जर्मन संशोधक भावांनी १८५४ ते १८५७ मध्ये केलेली चित्रं आणि पॅनोरमा, म्हणजे सगळी रांग दाखवणारी लांबलचक चित्रं, शास्त्रीय कामाचा भाग होते, त्यातला एक भाऊ अडोल्फ तर १८५७ मध्ये मध्य आशियातल्या काश्गरला मारला गेला. जुना बर्फ, हिमनदी कुठवर होती असं काही बघायचं असेल तर मी आधी अशी चित्रं उघडेन, व्हाइटच्या चित्रांचं पुस्तक नाही.

जुनं छापील चित्र हाती आलं की खालच्या कडेला झूम करा. डावीकडं बहुतेक मूळ चित्र काढणाऱ्याचं नाव असतं, उजवीकडं कोरणाऱ्याचं, त्यापुढं 'स्कल्प' (लॅटिनमध्ये 'यानं कोरलं' याचं छोटं रूप) असं काहीतरी छापलेलं दिसेल. डावीकडचा माणूस तिथं स्वतः गेला होता का एवढं आधी शोधा, मग टोकं किती खरी ते ठरवा.