डोळ्यातली वेल काढली, तरी परत का आली?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, आमची यावल तालुक्यात केळीची बाग आहे. माझे सासरे 61 वर्षांचे, सगळं आयुष्य शेतात गेलं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्यात वाढलेलं मांस ऑपरेशन करून काढलं. दहा-पंधरा मिनिटांत मोकळे झाले. पण सहा महिन्यांत ते परत आलं, आधीपेक्षा जाड आणि लाल, आणि आता बुबुळावर चढलंय. त्यात मोतीबिंदूही सुरू झाला आहे. सासरे म्हणतात, "आता कोनाले डोयाले हात लावू देनार नही." गावातल्या एकाने मध घालायला सांगितलाय. काय करावं? दोन्ही ऑपरेशनं एकदम होतील का?
– एक सून, यावल तालुका

उत्तर : ताई, आधी तो मध थांबवा. मधाने किंवा कुठल्याही थेंबांनी हे मांस विरघळत नाही. थेंबांनी लाली आणि खुपणं कमी होतं, एवढंच. उलट बाटलीतल्या मधातून जंतू गेले तर बुबुळावर फूल पडायची भीती.

सासऱ्यांचा राग मला समजतो. मी नवीन असताना मीही हे मांस नुसतं सोलून काढायचो आणि खालची जागा उघडी सोडायचो, तशीच रीत होती. चोपड्याकडची कापूस वेचणारी एक मावशी दुसऱ्यांदा परत आली आणि मला म्हणाली, "डाक्टर, मूय राही गयं का?" तिचा तो प्रश्न मी विसरलेलो नाही. आपण वेल म्हणतो खरं, पण याला मूळ नसतं. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचं पातळ आवरणच उन्हाने, धुळीने बिघडून बुबुळाकडे सरकत जातं. याला टेरिजियम म्हणतात. ते काढल्यावर उघडी राहिलेली जखम भरताना नव्या रक्तवाहिन्या आणि पेशी जोमाने त्याच वाटेने येतात. नुसतं काढलं तर शंभरात तीस ते ऐंशी जणांना ते परत येतं, अशा नोंदी आहेत. सासऱ्यांच्या हातून काही चुकलं म्हणून ते आलं, असं कुणी म्हणत असेल तर ऐकू नका.

उपाय कलमाचा आहे. त्याच डोळ्याच्या वरच्या पापणीखालचं आवरण ऊन न लागल्यामुळे चांगलं असतं. तिथून कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ तुकडा उचलायचा, आवरणाखालचा जाड थर त्याला चिकटून येऊ द्यायचा नाही. मग तो उघड्या जागेवर बसवायचा, बुबुळाकडची कड बुबुळाकडेच आणि वरची बाजू वरच ठेवून. तुकडा इतका नाजूक असतो की कडा गुंडाळतात आणि उलटसुलट ओळखू येत नाही, म्हणून मी उचलण्याआधीच त्यावर शाईची खूण करतो. तो टाक्यांनी, फायब्रिन नावाच्या जैविक गोंदाने, किंवा रुग्णाच्याच तिथे झिरपणाऱ्या रक्ताने चिकटवतात. गोंद महाग, पण वेळ वाचतो आणि टाके खुपत नाहीत. वरची जागा आपोआप भरते. अशा पद्धतीने मांस परत येण्याचं प्रमाण शंभरात दहाच्या आसपास येतं.

तुमच्याकडे मात्र दुसरी वेळ आहे. जुन्या व्रणामुळे सगळं चिकटलेलं असतं, वेळ जास्त लागतो आणि परत येण्याचा धोकाही पहिल्या वेळेपेक्षा जास्त. म्हणून काही डॉक्टर मायटोमायसिन हे पेशींची वाढ रोखणारं औषध थोडा वेळ लावून धुऊन टाकतात. ते जपून वापरावं लागतं, नाहीतर पांढरा भाग पातळ होतो. म्हणून आधीच विचारा, "कलम लावणार ना?" आणि काढलेलं मांस तपासणीला पाठवायला सांगा. क्वचित असं दिसणारं मांस वेगळ्याच आजाराचं निघतं.

दोन्ही ऑपरेशनं एकदम नकोत. हे मांस बुबुळ ओढून त्याचा गोलवा बदलतं. त्या स्थितीत मोजमाप घेऊन भिंग बसवलं तर नंबर चुकतो. आधी मांस काढा, दोन-तीन महिने थांबा, मोजमाप पुन्हा घ्या, मग मोतीबिंदू.

पहिले दोन-तीन दिवस बुबुळ खरवडल्यामुळे चांगलंच दुखतं, पाणी येतं. हे सासऱ्यांना आधीच सांगा, म्हणजे ते घाबरणार नाहीत. डोळा चोळायचा नाही. स्टेरॉइडचे थेंब साधारण दीड महिना, हळूहळू कमी करत. त्यांनी डोळ्यातला दाब वाढू शकतो, म्हणून मध्ये तपासणी चुकवू नका. लाली जायला महिना लागतो. आणि महिनाभर बागेत जाणं नाही. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन, पारा 45 अंशांच्या घरात, वर उडणारी धूळ. म्हणून जमलं तर दिवाळीनंतरचा काळ निवडा. पण नजर भराभर कमी होत असेल तर थंडीची वाट पाहू नका.

गॉगल नुसता समोरून काळा नको, बाजूनेही झाकणारा हवा. कानाच्या बाजूने येणारं ऊन बुबुळातून वळून नाकाकडच्या कडेवर एकवटतं, म्हणूनच हे मांस बहुतेक वेळा नाकाच्या बाजूने उगवतं, असं मानतात. टोपी किंवा उपरण्याखाली तो घालायला सासऱ्यांना आजपासूनच सांगा. डावा डोळाही दाखवून घ्या. तिथे बारीकसं मांस असलं, वाढत नसलं, नजरेला त्रास देत नसलं, तर ते काढायचं नाही. जाताना पहिल्या ऑपरेशनचा कागद सापडला तर तो घेऊन जा, कलम लावलं होतं की नाही ते त्यावर लिहिलेलं असतं.