पपईला पाणी बेतानंच

पानं पिवळी पडली म्हणून लगेच खत घालू नका हो. आधी बुंध्याशी बोट खुपसून बघा. माती चिकचिकीत लागली, तर पाणी जास्त झालंय. पपई एकवेळ तहान काढेल, पण मुळाशी साचलेलं पाणी तिला सोसत नाही. माझी फळांनी लगडलेली २ झाडं एकाच पावसाळ्यात बुंध्याशी कुजून आडवी झाली. रोप वीतभर उंचवट्यावरच लावा.

आणि देशी बी असेल तर एकावर भागवू नका, ३-४ रोपं लावा; त्यात नर आणि मादी झाडं वेगवेगळी निघतात. साधारण ४-५ महिन्यांनी फुलं येतील. लांब देठांवर लोंबणारे झुबके म्हणजे नर. खोडालगतचं, बुडाशी फुगीर फूल म्हणजे मादी. एक नर झाड ठेवून बाकीची नर झाडं काढा. जीव तुटतो, पण काढा. 'रेड लेडी' या संकरित जातीत ही भानगड नाही.