प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी धक्का दिला तर वाचक कादंबरी सोडत नाही का?

पहिली 60-70 पानं लोक आवडीनं वाचतात, मग पुस्तक बाजूला पडतं, म्हणून प्रकरणागणिक धक्का द्यावा का, असं तुम्ही विचारलंय. नको. दारावर थाप पडली म्हणून वाचक पान उलटतो. दारात शेजारीच निघाला की तुमच्यावरचा विश्वास उडतो, आणि दोनदा असं झालं की तिसरी थाप फुकट जाते.

मधेच पुस्तक पडतं ते बहुतेकदा प्रसंगांच्या जोडणीमुळे. 1,500 शब्दांचा एक प्रसंग धरला तर 80,000 शब्दांत पन्नासएक प्रसंग होतात. प्रत्येकाची एक ओळ लिहा आणि दोन ओळींमध्ये कोणता शब्द बसतो ते पाहा. 'म्हणून' किंवा 'पण' बसला तर ठीक. फक्त 'आणि मग' बसत असेल तर तो प्रसंग काढला तरी काही बिघडणार नाही. असे तीन सलग आले, की तिथेच वाचक सुटला समजा.

आता खरा मुद्दा. 'गुपित शेवटपर्यंत झाकून ठेवा' हा सल्ला सगळे देतात आणि तो मला अजिबात पटत नाही. समजा, भावानं घर परस्पर गहाण टाकलंय आणि बहीण येऊन म्हणते, घर विकून वाटणी करू. गहाणाचं वाचकाला ठाऊक नसेल तर त्या दोघांचं बोलणं म्हणजे नुसत्या घरगुती गप्पा. पुढे गुपित फुटेल तेव्हा तो एकदाच दचकेल, तेवढंच. त्याऐवजी आधीच्या प्रकरणात बँकेचं पत्र दाखवा आणि ते कपाटात ठेवा. आता भावाचं 'एवढी घाई कशाला?' हे साधं वाक्यही टोचतं, आणि बहीण कपाटाजवळ गेली तरी वाचकाचा श्वास अडकतो. लपवालपवीचा याहून मोठा तोटा असा, की जो विचार भाऊ रात्रंदिवस करत असणार, नेमका तोच लिहायची तुम्हाला बंदी होते. मग मधली दोनशे पानं तो माणूस पोकळ वाटतो, आणि लेखक मात्र भाषेवर मेहनत घेत बसतो.

प्रसंग संपताना स्थिती बदललेली हवी. बहीण महिनाभर थांबायला तयार होते, पण कागदपत्रं स्वतः बघेन म्हणते. झालं, पुढचा प्रसंग ठरला. त्यानं कर्ज का काढलं हे वाचकाला विचारावंसं वाटू द्या, मग सांगा, तेही एका वेळी अर्धं पान.

खुनी कोण, या जातीच्या कादंबरीत लपवणं रास्तच आहे, कारण तिथे शोध घेणाऱ्यालाही उत्तर माहीत नसतं. फक्त खुन्याच्या मनात शिरून लिहू नका. आणि हो, ही ओळींची तपासणी पहिला मसुदा पुरा झाल्यावरच करा; अर्ध्यावर केलीत तर पहिलीच तीन प्रकरणं घासत बसाल.