पितळी पुंगळी परत किती वेळा भरायची? आणि तुमचे बाकीचे प्रश्न

गेल्या अंकात मी घरी काडतुसं रिलोड करण्याबद्दल, म्हणजे उडवलेली परत भरण्याबद्दल, ओझरतं लिहिलं होतं, की काडतुसाचे चार भाग, त्यातले प्रायमर (बुडातली ठिणगी पाडणारी टोपी), दारू आणि गोळी एकदाच कामाला येतात आणि परत वापरता येते ती फक्त पितळेची केस, म्हणजे आपली पुंगळी. त्यावर इतके प्रश्न आलेत की आज फक्त पुंगळीबद्दलच बोलू. दारू किती भरायची हे मला बऱ्याच जणांनी विचारलंय, ते मी इथे सांगणार नाही, तो आकडा दारू किंवा गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या छापील मॅन्युअलमधूनच घ्यायचा, माझ्या काय किंवा कुणाच्याच सांगण्यावरून नाही. आणि हो, तुम्ही राहता तिथला कायदा आधी नीट वाचा, कित्येक ठिकाणी बंदुकीचं लायसन्स असलं तरी तेवढ्यावर काडतूस बनवता येत नाही, त्याला वेगळी परवानगी लागते.

प्रश्न: एक पुंगळी साधारण किती वेळा वापरता येते? कुणी पाच सांगतं, कुणी वीस.

दोघंही खरं बोलत असतील. पिस्तुलाची कमी प्रेशरची सरळ केस खूप वेळा चालते, रायफलची फुल प्रेशरची केस त्या मानाने लवकर थकते, आणि तुमची चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) सैल आहे का, डाय (केस परत मापात आवळायचा साचा) कसा लावलाय यावरही खूप काही असतं. त्यामुळे आकडा धरून बसू नका, केस बघायला शिका. प्रायमर बोटाच्या हलक्या दाबाने आत जायला लागला की प्रायमर पॉकेट सैल झालंय, ती केस गेली. नेकला, म्हणजे गोळी धरणाऱ्या तोंडाला, दोऱ्याएवढी बारीक चीर दिसली, गेली. आणि तिसरं लक्षण सगळ्यात महत्त्वाचं, ते जरा सविस्तर सांगतो कारण ते मी स्वतः भोगलंय.

बार उडतो तेव्हा प्रेशरने केसचा पुढचा भाग चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटतो आणि मागचा भाग बोल्टकडे (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याकडे) रेटला जातो. मग ताण कुठे पडणार, तर बुडाच्या जाड भागाच्या जरा वर, जिथे भिंत पातळ व्हायला सुरुवात होते तिथे. पितळ तिथे लांबतं. रिसाइझ करताना, म्हणजे डायमध्ये आवळताना, आपण शोल्डर (नेकखालचा उतार) गरजेपेक्षा जास्त मागे ढकलला की पुढच्या बाराला परत तेवढंच लांबतं, परत मागे ढकला, परत लांबतं, आणि आतून तिथे एक खाच पडत जाते जी बाहेरून दिसत नाही. माझ्या एका रायफलमध्ये एके दिवशी बोल्ट उघडला तर फक्त बूड बाहेर आलं, पुढची नळी चेंबरमध्येच अडकून राहिली. मला काही झालं नाही पण गॅस मागे आला असता तर डोळ्याचं काय झालं असतं हा विचार कितीतरी दिवस गेला नाही (चष्मा होता, तुम्हीही घालत जा, दर वेळी). चूक माझीच होती, डाय थेट शेलहोल्डरला (केसचं बूड धरणाऱ्या तुकड्याला) टेकवून बसवला होता आणि शोल्डर किती मागे जातोय हे कधी मोजलंच नव्हतं. आता मोजतो. बोल्ट ॲक्शनला (हाताने बोल्ट ओढायची रायफल) ०.०३ ते ०.०५ मिमी मागे गेला तरी पुरतो, सेमी ऑटोला (बारानंतर आपोआप भरणारी) थोडा जास्त, ०.१ मिमीच्या आसपास.

तपासायचं कसं, तर एक पेपरक्लिप सरळ करा, टोक अगदी थोडं काटकोनात वाकवा, ते टोक घासून जरा अणकुचीदार करा आणि केसच्या आत तळापर्यंत घालून भिंतीला टेकवून सावकाश वर ओढा. चांगल्या केसमध्ये टोक सरळ घसरत येतं. खाच असेल तर तिथे अडकतं, बोटाला चक्क टक् जाणवतं. बाहेरून तिथेच एक चकचकीत रिंग दिसायला लागली असेल तर शंकाच नको. नुसती डायची घासलेली रिंगही बाहेरून तशीच दिसते म्हणून दिसण्यावर जाऊ नका, आतून तार फिरवा. आणि एका बॅचमधल्या एका केसमध्ये खाच सापडली तर अख्खी बॅच तपासा, कारण सगळ्यांचं आयुष्य सारखंच गेलेलं असतं.

प्रश्न: माझ्या केसच्या नेकला चिरा जातायत. ॲनिलिंग (तापवून मऊ करणं) करायचं ठरवलंय. सगळ्या केस एकदम ओव्हनमध्ये ठेवून तापवल्या तर चालेल का?

नाही. अजिबात नाही. हे वाचून मी बाकीची पत्रं बाजूला ठेवली आणि आधी याचंच उत्तर लिहायला घेतलं.

केसचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. हे मिश्रण निवडलंय ते त्याच्या स्वभावासाठी, प्रेशर आलं की फुगून चेंबर सील करायची आणि प्रेशर उतरलं की जराशी आकसून सुटी व्हायचं. पण पितळ जितकं वाकवाल तितकं कडक होतं, तार एकाच जागी पुढेमागे वाकवत राहिलं की ती आधी ताठ होते आणि मग तुटते, अगदी तेच नेकचं होतं. बाराला फुगते, डायमध्ये आवळली जाते, एक्सपांडरवरून (डायमधल्या नेक रुंद करणाऱ्या दांडीवरून) परत फुगते, असं दर खेपेला. म्हणून नेक आणि शोल्डर तापवून मऊ करायचे, तेवढंच ॲनिलिंग. केसचं बूड मात्र कारखान्यात मुद्दाम कडक ठेवलेलं असतं कारण मागे त्याला आधार फक्त बोल्टचा असतो. .३०८ विंचेस्टरची सामी या अमेरिकन काडतूस उद्योगाच्या मानक संस्थेने ठरवलेली कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे, एवढं प्रेशर मऊ बुडावर आलं तर ते पसरतं, फाटतं, आणि तो गॅस थेट तुमच्या तोंडाकडे येतो. ओव्हनमध्ये सगळी केस सारखी तापते, म्हणजे बूडही. कुणी आधीच हे केलं असेल तर त्या केस भंगारात टाका, मऊ झालेलं बूड परत कडक करायचा घरी काहीच उपाय नाही.

बरोबर पद्धत म्हणजे केस फिरवत ठेवून ज्योत फक्त नेक आणि शोल्डरवर, काही सेकंद. नेक ४०० अंश सेल्सियसच्या आसपास जाऊन आला पाहिजे आणि शोल्डरच्या खालचं अंग २५० च्या आतच राहिलं पाहिजे. डोळ्यावर भरवसा ठेवू नका, ठरावीक तापमानाला वितळणारा रंग मिळतो, त्याचा एक पट्टा नेकच्या आत आणि एक शोल्डरच्या खाली ओढायचा, आतला वितळला आणि खालचा तसाच राहिला की वेळ जमली. सुरुवातीला वाया गेलेल्या केसवर ही वेळ बसवा. आणि तापवल्यावर पाण्यात टाकायच्या का हेही विचारलंय. पोलादाला पाणी दिलं की ते कडक होतं, पितळ होत नाही. पाण्याने फक्त एवढंच होतं की उष्णता बुडाकडे उतरायच्या आत थांबते. टाका किंवा नका टाकू, पण टाकलंत तर आतून पूर्ण वाळवल्याशिवाय पुढचं काही करू नका.

प्रश्न: भांड्यांना लावायच्या पितळेच्या पॉलिशने केस आरशासारख्या चमकतात. वापरलं तर काय बिघडतं?

बाटलीवरचे घटक वाचा. त्यात अमोनिया असेल तर ती केसच्या जवळपासही नको. याची गोष्ट खूप जुनी आहे. इंग्रजांच्या काळात भारतातल्या ब्रिटिश सैन्याची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात ठेवलेली असायची आणि बाहेर काढली की केसना आपोआप चिरा पडलेल्या दिसायच्या, एकही बार न उडवता. त्याला सीझन क्रॅकिंग म्हणायला लागले. खरं कारण १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी मांडलं, की घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि केस ओढून घडवताना पितळेत राहिलेला ताण, दोन्ही एकत्र आले की पितळ तडकतं. आपली रिसाइझ केलेली केस म्हणजे ताण भरलेलं पितळच, त्यावर अमोनिया चोळायचा म्हणजे तो तबेला घरात आणल्यासारखं आहे.

व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवणारेही आहेत. ॲसिडमध्ये जास्त वेळ राहिलं की पितळेतलं जस्त निघून जातं आणि केसवर गुलाबी तांबूस डाग येतात, ते डाग म्हणजे तिथलं पितळ कमकुवत झालं. खरं सांगायचं तर चमक ही आपल्या डोळ्यांची हौस आहे, केसला फक्त काजळी आणि वाळू नको असते कारण वाळूने डाय खरवडला जातो. टम्बलरमध्ये (केस घोळवून साफ करणारं यंत्र) कॉर्नकॉब, म्हणजे मक्याच्या कणसाच्या दांड्याचा, नाहीतर अक्रोडाच्या टरफलाचा चुरा घालून फिरवा, भरपूर झालं.

प्रश्न: टम्बलर मुलांच्या खोलीत ठेवलाय, तिथेच जागा आहे. चालेल ना?

आज काढा. बहुतेक प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट असतं, म्हणजे उडालेल्या पुंगळीच्या आत शिसं असतं, आणि टम्बलरचं झाकण उघडून मीडिया, म्हणजे तो चुरा, चाळताना जी बारीक धूळ उडते ती शिशाची असते. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा जो परिणाम होतो तो भरून येत नाही. चाळायचं काम बाहेर मोकळ्यावर करा, सांडलेली धूळ झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं टाकून द्या. काम झाल्यावर आधी हात साबणाने, मग बाकी सगळं. टेबलावर चहाचा कप नको. जमलं तर पाण्याचा टम्बलर घ्या, त्यात धूळ उडत नाही, पण ते मळकं पाणीही तितकंच विषारी आहे हे विसरू नका, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका.

प्रश्न: जुना प्रायमर काढताना दोन वेळा डिकॅपिंग पिन तुटली. प्रेस खराब आहे का?

प्रेस (डाय बसवायचं दांड्याचं यंत्र) चांगला असणार, केस बर्डन पद्धतीच्या असतील. टॉर्च घेऊन तोंडातून आत बघा. मधोमध एकच भोक दिसलं तर बॉक्सर, ती आपल्या कामाची. दोन बारीक भोकं बाजूबाजूला दिसली तर बर्डन, मधे भोकच नाही तर पिन जाणार कुठे, तुटणारच. दोन्ही पद्धतींचं पेटंट १८६६ चंच, बर्डन अमेरिकन आणि बॉक्सर इंग्रज, आणि आज अमेरिकेत सगळीकडे इंग्रजाचीच पद्धत चालते.

प्रश्न: रेंजवर पडलेल्या पुंगळ्या फुकट मिळतात. उचलून वापरू का?

रेंजवाल्यांनी हो म्हटलं तर उचला, पण त्या केसचं आधीचं आयुष्य तुम्हाला माहीत नाही, कितव्यांदा उडलीय, कुणी तापवली होती का, काहीच नाही. मी रायफलच्या उचललेल्या केस घेतच नाही, पिस्तुलाच्या घेतो. आधी हेडस्टँप (बुडावरचा ठसा) बघून वेगळ्या करा. .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम शेजारी शेजारी पडलेल्या असतात, एक २९.३ मिमी आणि दुसरी ३२.८, तेवढाच फरक, घाईत सहज मिसळतात. लष्करी केस असेल तर प्रायमरभोवती पितळ दाबून केलेला क्रिंप असतो, तो काढल्याशिवाय नवा प्रायमर नीट बसत नाही, आणि त्यांच्या भिंती बऱ्याचदा जाड असतात म्हणजे आत जागा कमी, तेवढ्याच दारूला प्रेशर जास्त. म्हणून मिसळायच्या नाहीत. स्टीलच्या आणि ॲल्युमिनियमच्या तिथेच सोडून द्या, पितळ दिसलं तरी चुंबक लावून बघा, पितळेचा मुलामा दिलेलं स्टील असतं.

मग चार पाच केस ओंजळीत घ्या आणि खुळखुळवा. धड केस एकमेकींवर आपटल्या की स्वच्छ किणकिणतात. एखादी फुटकी असेल तर आवाज एकदम बद बद येतो, फुटक्या मातीच्या भांड्यासारखा. मग एकेक बाजूला काढत जा, जी काढल्यावर आवाज मोकळा झाला तिच्या तोंडाशी उजेडात चीर सापडते, कधी कधी इतकी बारीक की नखानेच कळते.